झडतीच्या वहीतली एक ओळ

माझा नवरा रेल्वेतून रिटायर झालेला, नागपूरकडचा माणूस. तो म्हणतो, "तू पाहुण्यायले नमस्कार करतानीबी त्यायच्या कमरेकडं पाह्यते. तुले माणूस दिसते का नुसते खिसे?"

खरं सांगायचं तर आधी खिसे दिसतात. बावीस वर्षं मी कारखान्याच्या गेटवर बायकांची झडती घेतली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पदराखाली हात घातल्यावर माणसाचा स्वभाव साधा राहत नाही. भाजीवाली हसून बोलली की मी तिच्या तराजूकडे बघते. सून स्वतःहून चहा करून देते म्हणाली की मला वाटतं, काहीतरी फुटलंय. घरातले याला चेष्टेनं नावं ठेवतात, पण कपाटाची किल्ली सापडेनाशी झाली की सगळे माझ्याकडेच येतात.

आमचा कारखाना भिलाईहून कुम्हारीकडे जाताना हमरस्त्याच्या थोडा आत होता. मोटारी दुरुस्त करायचा. मोटारी म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या नव्हेत, लोखंडाच्या मिलमधल्या विजेच्या. एकेक मोटार म्हशीएवढी. ती जळली की ट्रकवर घालून आमच्याकडे आणायचे. तिच्या पोटात तांब्याच्या पट्ट्यांची वेटोळी असतात, त्यांना कॉइल म्हणतात. जळकी कॉइल काढायची, नवी बसवायची. तांबं वाकवायचं काम पुरुषांचं, आणि वाकवलेल्या कॉइलवर पांढरी सुती टेप गुंडाळायचं काम बायकांचं. नंतर ती कॉइल वार्निशात बुडवून वाळवायची. टेपचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा, कुठे फट राहता कामा नये. याला आमच्याकडे 'अर्ध्यावर अर्धा' म्हणत. फट राहिली की मोटार पुन्हा जळते. या कामाला बायकांचीच बोटं लागतात, असं मालक म्हणायचे, आणि तांबं चोरीला गेलं की पहिला संशयही बायकांवरच घ्यायचे.

तांबं म्हटलं की कुणाचंही मन चळतं. म्हणून बायकांच्या गेटजवळ माझी पत्र्याची खोली होती. हिरवा पडदा, एक टेबल, टेबलावर माझी वही. पाळी सुटली की बायका रांगेनं यायच्या, हात वर करायच्या, मी खांद्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवायचे. कपडे काढायला लावायची मुभा मला एकटीला नव्हती. फारच दाट संशय असला तर ऑफिसातली एक बाई साक्षीला बोलवायची आणि मगच पुढे जायचं. काय सापडलं, काय नाही, ते वहीत लिहायचं. वही रोज संध्याकाळी मेन गेटवर जमा व्हायची.

लोकांना वाटतं झडती हातानं घेतात. हात शेवटी येतात. आधी डोळे. एक बाई होती, पावसाळ्यात तिच्या पोटऱ्यांना मच्छर चावत होते आणि ती रांगेत उभी राहून एकदासुद्धा खाजवेना. मी मनात म्हटलं, हिच्या पायाला काही तरी आहे. दोन्ही पोटऱ्यांना तांब्याच्या कांड्या बांधलेल्या निघाल्या. दुसरीचा अंबाडा भारी सुरेख असायचा. एकदा नळावर पाणी प्यायला सगळ्या वाकल्या आणि हिनं मात्र ग्लास मागून आणला. अंबाड्यात तारेचं अख्खं भेंडोळं होतं, वर गंगावन. मी ते सोडवत असताना ती मलाच म्हणाली, "हळू ना ताई, केस तुटून राहिले."

या गोष्टी मी लग्नाकार्यात सांगते आणि लोक हसतात. आता सांगणार आहे ती मी कधी सांगितलेली नाही.

टेपिंगच्या विभागात एक बाई होती. तिला सुनंदा म्हणू. खरं नाव हे नव्हे. भिलाईच्या कॅम्प-एक वस्तीत राहायची, माणसं मूळची भंडाऱ्याकडची शेतकरी, बाप इकडे कामाला आला आणि इकडलाच झाला. माझं माहेर गोंदियाचं, त्यामुळे रांगेत तिच्याशी दोन शब्द जास्त व्हायचे. सुनंदा तेव्हा खूप जाड होती. इतकी, की तिची झडती घेताना माझे हात मागे एकमेकांना भेटत नसत. ती स्वतःच चेष्टा करायची. "ताई, पुढून एकदा अन् मागून एकदा, असं दोन पाळ्यायमंदी घ्या माही झडती." सगळी रांग हसायची, तीही हसायची.

मग तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरनं भीती घातली आणि बाईनं मनावर घेतलं. भात सोडला, सकाळी उठून चालायला लागली, कारखान्यात बसनं येणं बंद करून अर्धी वाट पायी यायला लागली. दीड वर्षात ती निम्मी झाली. चेहरा ओळखू येईना, गालांची हाडं वर आली. बायका तिला विचारायच्या, काय खातेस, काय पितेस. आणि माझ्या मनात काहीतरी खटकायला लागलं.

तिचं हसणं बंद झालं होतं. माणूस एवढा बारीक झाला तर मिरवेल, अंगाला बसणारे कपडे शिवेल. ही मात्र जुनेच घोळदार कुर्ते घालायची, भर मे महिन्यात वरून ओढणी पिन लावून घट्ट. पूर्वी रांगेत सगळ्यांत पुढे असायची, आता शेवटी उभी राहायची. पाळी सुटायच्या आधी संडासात जाऊन बराच वेळ बाहेर यायची नाही. आणि चालायची ताठ, कंबर न हलवता, जणू कमरेला काही बांधलंय.

नेमकं त्याच दिवसांत तांबं कमी भरायला लागलं. सुपरवायझर माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "बोरकर ताई, माल लेडीज साइड से ही जा रहा है. आप का हाथ ढीला पड़ गया है." मला हे लागलं. माझ्या हाताला कुणी ढिला म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी जेवताना नवऱ्याला म्हटलं, उद्या पकडते.

दुसऱ्या दिवशी सुनंदा रांगेत शेवटची होती. आत आली, हात वर केले. मी खांद्यावरून खाली आले आणि बरगड्यांच्या खाली, जिथून रोज ओळखीनं पटकन पुढे जायचे, तिथे थांबले. कुर्त्याच्या आत कापडाचे थरावर थर, घट्ट, कडक. दाबलं तर आत काहीतरी मऊ, जड, बाजूला सरकणारं. तिच्या अंगाला वार्निशचा वास येत होता.

"काय बांधलंय?" मी विचारलं.

"काही नाही ताई. पट्टा आहे."

"दाखव."

मी पुन्हा म्हटलं, दाखव. तर तिनं दोन्ही हातांनी कुर्ता धरून ठेवला. "ताई, मले पोलिसात न्या. मालकासमोर उभी करा. पण कुर्ता काढाले लावू नका. तुमच्या पाया पडते."

माझ्या इतक्या वर्षांच्या हिशेबानं हा कबुलीजबाब होता. निर्दोष बाई चिडते, शिव्या घालते. पाया पडते ती चोर. मी ऑफिसात फोन लावला आणि तिथली नीलिमा मॅडम साक्षीला आली. पडदा ओढला. मॅडम भिंतीकडे बघत उभी राहिली, तिला हे असलं आवडत नसे. सुनंदानं कुर्ता वर केला.

टेप होती. आमच्याच कारखान्याची पांढरी सुती टेप, कमरेपासून छातीच्या खालपर्यंत, अर्ध्यावर अर्धा, कुठे फट नाही. इतकं सुबक काम तिनं कुठल्या कॉइलवर केलं नसेल. मला वाटलं, सापडलं. मी म्हटलं, "सोड."

ती सोडायला लागली. एकेक वेढा सुटत होता आणि टेबलावर टेपचा ढीग होत होता. मला दिसलं की टेप सलग नाही. वीतभर, हातभर असे तुकडे एकमेकांना बारीक टाके घालून जोडलेले. हे तुकडे काम झाल्यावर भंगाराच्या पिंपात टाकतात. शेवटचा वेढा सुटला आणि तिचं पोट खाली आलं.

तांबं नव्हतं. कातडी होती. मोकळी, सुरकुतलेली, मांड्यांवर येऊन टेकलेली. घडीच्या आत लाल, सोलवटलेली, ठिकठिकाणी पावडरचे गोळे चिकटलेले. तिनं ती दोन्ही हातांनी वर उचलून धरली, जसं आपण ओलं लुगडं उचलून धरतो. दंडाखालीही तशीच झोळी होती, ती मी बाहीमुळे कधी पाहिली नव्हती.

"अरे बाप्पा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

सुनंदा बोलायला लागली ती माझ्याकडे न बघता. "चरबी गेली ताई, कातडं नाही गेलं. कोणी सांगितलंच नव्हतं मले. सारे म्हणत, बारीक हो, बारीक हो. झाली. आता चालताना हे इकडून तिकडं लोंबते. घाम येते, आत सडल्यासारखं होते. दुकानातला पट्टा आणला होता, त्याचं रबर रुतून फोडं आले. तेल लावलं, मलम लावलं. डॉक्टर म्हणते हे कापूनच काढा लागते. ही टेप मऊ आहे, घाम पिते. अन् बांधता तं मले येतेच ना. फेकलेले तुकडे आहेत ताई, चोरले नाही."

"आणि संडासात इतका वेळ?"

"ढिली होते दिवसभरात. पुन्हा बांधा लागते."

मी विचारलं, घरी माहीत आहे का. ती म्हणाली, "नवऱ्याले बी नीट पाहू नाही दिलं. जाडी होती तवा सारे हासत होते, पण मले लाज नाही वाटली कधी. ते दिसूनच राहिलं होतं ना, लपवाचं काय होतं? आता लपवा लागते." मग तिनं माझा हात धरला. "कोणाले सांगू नका ताई. नोकरी गेली तं जाऊ द्या. हे सांगू नका."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

नीलिमा मॅडमनंही मान हलवली. मी तिला टेप बांधायला मदत केली. मी एक टोक धरलं, ती वेढे घेत गेली. मला ते जमलं नाही, माझे दोन वेढे फटीचे झाले. तिनं ते उलगडून पुन्हा घातले.

ती गेली आणि मी वही उघडली.

इथे जरा थांबून सांगते, म्हणजे माझी बाजू तुमच्या लक्षात येईल. मी वहीत कधी खोटं लिहिलं नव्हतं. माझी सगळी शेखी त्या वहीवर. आणि प्रकरण मी साक्षीदार बोलावून उघडलं होतं, आता 'काही नाही' लिहून मिटणार नव्हतं. टेप सापडली होती. भंगाराचा तुकडासुद्धा कंपनीचा, असा नियम होता. नुसतं 'कमरेला कंपनीची टेप' लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं असतं. म्हणून मी विचार केला की कारणही लिहावं. कारण वाचलं की कुणालाही दया येईल. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: तांबे नाही. भंगारातील टेपचे तुकडे. वजन घटल्याने पोटाची कातडी लोंबते, ती बांधण्यासाठी वापर.

खाली सही केली. नेहमीसारखी वही मेन गेटवर दिली.

तिची नोकरी खरंच वाचली. मालकांनी ओळ वाचली आणि म्हणाले, जाऊ द्या, तुकडेच आहेत. मला वाटलं, बघा, माझ्या लिहिण्यानं एक बाई वाचली. मी घरी येऊन शिरा केला. नवरा म्हणाला, "आज काय सापडलं?" मी म्हटलं, काही नाही. त्यालाही सांगितलं नाही, एवढा मी माझा शब्द पाळला.

पण मेन गेटवर ती वही पुरुषांच्या हातात असायची. पाळी बदलताना प्रत्येक गार्ड तिच्यावर सही करायचा. इतकी वर्षं माझी वही कोण वाचतं याचा मला संशय आला नाही. जगातल्या एकूण एक गोष्टीचा मला संशय यायचा, तेवढी एक सोडून.

तिसऱ्या दिवशी सायकल स्टँडजवळून सुनंदा चालली होती आणि कुणीतरी मागून म्हणालं, "झोलेवाली आ गई." दोघं-चौघं हसले. कँटीनमध्ये तिच्या पानात भात वाढताना वाढप्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं. टेपिंगच्या बायकांनी काही म्हटलं नाही, पण तिच्याशी एकदम फार गोड बोलायला लागल्या, आणि ते जास्त वाईट होतं. एकीनं तिला घरचं तेल आणून दिलं.

त्या संध्याकाळी सुनंदा रांगेत पहिली उभी राहिली. आत आली, मी सांगायच्या आधी हात वर केले.

"ताई, तुमी नाही सांगणार म्हणाल्या होत्या."

आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, "मी कुणाला सांगितलं नाही गं. लिहिलं फक्त."

तिनं हात तसेच वर ठेवले. मी झडती घेतली. माझे हात टेपवरून गेले आणि मी नजर खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, नंतरही नाही. ज्या नोकरीसाठी मी ती ओळ लिहिली, ती नोकरी तिनं त्या ओळीमुळे सोडली.

तांबं कुठून जात होतं ते पुढे कळलं. वार्निशच्या रिकाम्या पिंपांत तांब्याचे तुकडे टाकून वर घट्ट झालेलं वार्निश ओतायचे आणि ती पिंपं भंगार म्हणून ट्रकनं बाहेर जायची, पुरुषांच्या, म्हणजे मेन गेटमधून. पिंप कुणी उपडं करून पाहत नव्हतं, कारण हात बरबटतात. तांबं कमी भरत होतं त्या सहा महिन्यांत मी शे-सव्वाशे बायकांची पोटं रोज दाबून पाहिली होती.

रिटायर झाल्यावर दुर्गला पद्मनाभपुरात मी निवांत बसले. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहून द्या, असं इथल्या मराठी मंडळानं म्हटलं. मी मच्छरवाली लिहिली, अंबाडेवाली लिहिली. मग सुनंदा लिहिली, आणि लिहून झाल्यावर माझाच मला संशय आला. मी हे पस्तावा म्हणून लिहितेय की तीच ओळ पुन्हा एकदा, आता जरा लांबवून?

म्हणून कागद पिशवीत घातले आणि कॅम्प-एकला गेले. तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत ओट्यावर पंखे आणि पाण्याचे पंप उघडून ठेवलेले, आणि मधोमध सुनंदा बसलेली. तिनं नि तिच्या दिरानं घरीच वाइंडिंगचं, म्हणजे कॉइल भरायचं काम सुरू केलंय. केस पांढरे झालेत. मला पाहून ती उठली नाही, पण दिराला चहा सांगितला.

मी विचारलं, ऑपरेशन केलं का. ती म्हणाली, "नाही. भेव वाटते. अन् आता सवय झाली. जुन्या धोतराचे पट्टे करून बांधते. माहंच कातडं आहे ना, मीच वागवते." कुर्ता तसाच घोळदार होता, पण पिन नव्हती.

मी कागद पुढे केले. कशासाठी आले ते सांगितलं. ती हात पुसून वाचायला लागली. एकेक ओळ, बोट ठेवून. माझा चहा गार झाला. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे आता बी सांगून नाही राहिल्या. लिहूनच राहिल्या."

मी म्हटलं, तू नाही म्हण, मी इथेच फाडते.

तिनं समोरचं पंख्याचं पातं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "राहू द्या. एखादी जाडी बाई वाचंल. तिले कोणी सांगत नाही, चरबी गेल्यावर काय राह्यते ते. पण नाव बदला." नाव तिनंच निवडलं. सुनंदा. मग दिराच्या खिशातलं पेन घेतलं आणि एक पूर्ण परिच्छेद खोडला, आडव्या-उभ्या रेघा मारून, खालचं एक अक्षर दिसणार नाही असा.

मी उठले. चपला घालत होते तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, पिशवी दाखवा."

"कशाला गं?"

"दाखवा."

मी पिशवी घट्ट धरली. हे मी मुद्दाम केलं नाही, हातच तसे गेले. आणि मी काय केलं ते आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं.

मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं पदराच्या घडीत बघावं तसं आत हात घालून एकेक वस्तू बाहेर काढली. चष्म्याचं घर, बसचं तिकीट, गोळ्या, आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली या लेखाची झेरॉक्स. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत ठेवायची, ही माझी गेटवरची सवय.

ती रागावली नाही. तिनं झेरॉक्समधला तोच परिच्छेद शोधला आणि तोही तसाच खोडला. सगळं सामान परत पिशवीत नीट भरलं. "जा," म्हणाली.

त्या परिच्छेदात काय होतं ते मला शब्दान्‌शब्द पाठ आहे. मी तो कुणाला सांगितलेला नाही, आणि पुन्हा लिहिलेलाही नाही.